नाही म्हणणाऱ्याची सीट

नाना परांचीवरून पडले तेव्हा मी नववीत होते. बडोद्याजवळ कोयलीला एका ठेकेदाराकडे ते उंच टाक्यांभोवती बांबूची, लोखंडी पाइपांची परांची बांधायचे. धुळ्याकडून आलेला चौथी शिकलेला माणूस, पण गाठ मारण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पडले, डाव्या पायात सळई घातली, पाय दोन बोटं आखूड झाला. सगळ्यांना सांगायचे, ‘पट्टा तुटला.’ त्या महिन्यापासून आमच्या घरात नानांचा पगार बंद झाला आणि खाखऱ्यांचा वास सुरू झाला. आई एका दुकानासाठी खाखरे, म्हणजे त्या पातळ, कुरकुरीत गुजराती पोळ्या, लाटायची. मी आणि धाकटी ज्योती शाळेत जायच्या आधी लाटायचो आणि आल्यावर शेकायचो. मला अजून खाखरा आवडत नाही. पाहुण्यांकडे गेले की ‘पोट भरलंय’ म्हणते.

नानांनी मला शिकवलं, हे त्यांचे उपकार. नातेवाईक म्हणाले, मुलीला बारावी पुरे. नाना म्हणाले, ‘पुरे की नाही ते तिचं डोकं ठरवेल, तुमचं नाही.’ फक्त एक अट. ‘शीक, पण पाय जमिनीवर राहू दे.’ ही म्हण नव्हती, ते शब्दशः म्हणत होते. मी बी.एस्सी. झाले, आमच्या सात पिढ्यांत पहिली, आणि एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. पेढे वाटून झाल्यावर नानांनी विचारलं, ‘कितव्या मजल्यावर आहे ते?’

‘तिसऱ्या.’

‘खाली जागा नाही का त्यांच्याकडे?’

अशा माणसाची मुलगी विमान चालवायला लागली. ह्याचं सगळं श्रेय, किंवा आईच्या भाषेत सगळं पाप, पागनीससरांचं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी संध्याकाळी कारेलीबागेत शिकवण्या घ्यायचे. मिताली पागनीस नावाच्या अकरावीतल्या मुलीला केमिस्ट्री शिकवायला गेले, तर बाल्कनीत एक उंच, हडकुळा, मोठ्या कानांचा म्हातारा पाटावर बसलेला. डोळे मिटलेले. दोन्ही हातांत आडवं धरलेलं लाटणं, पायाखाली दोन चपला, आणि तोंडाने बारीक घूंऽऽ असा आवाज. मी म्हटलं, ‘नमस्कार, मिताली...’

‘शूऽ! उतरतोय. बोलू नको.’

म्हाताऱ्याने लाटणं हळूहळू पोटाकडे ओढलं, उजव्या चपलेवर जरा दाब दिला, मान डोलावली आणि डोळे उघडले. ‘छान टेकलं. हं, बोल बेन.’

आतून काकूंचा आवाज आला, ‘टेकलं असेल तर लाटणं द्या आधी! पोळ्या खोळंबल्यात!’

हे कॅप्टन पागनीस, मितालीचे आजोबा. त्यांचे स्वतःचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते. तो रुबाब घराच्या भिंतींवर फोटोंत उरला होता, सरांमध्ये नावालाही नव्हता. आयुष्यभर विमानं चालवली, निवृत्त झाल्यावर विमानतळाच्या एका बाजूला असलेल्या छोट्या फ्लाइंग क्लबात दोन माणसांच्या विमानावर शिकवायचे. रोज घरी पाटावर बसून दहा वेळा उतरायचे. म्हणायचे, ‘चढणं कुणालाही येतं. उतरायची प्रॅक्टिस हवी. बायकोला विचार, मी भांडणातून कसा उतरतो ते.’

त्यांची खरी खोड वेगळी होती. रविवारी सकाळी शिकवणं नसलं की ते स्वतःसाठी उडायचे, आणि शेजारची सीट कधी रिकामी ठेवायचे नाहीत. क्लबचा माळी, सेव-उसळीच्या गाडीवाला, सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या शांताबेन, बँकेतला शिपाई. ज्याने बडोदं फक्त खालून पाहिलंय असा कोणीही चालायचा. ‘एकट्याने उडणं म्हणजे एकट्याने सेव-उसळ खाणं,’ असं त्यांचं मत. ‘पोट भरतं. पण तिखट लागलं तर सांगायचं कुणाला?’

एका रविवारी त्यांनी मला नेलं. वर गेल्यावर म्हणाले, ‘जरा धर हे, मला नाक पुसायचंय.’ मी सुकाणू धरलं. सरांनी नाक पुसलं, रुमालाची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा पुसलं. पाच मिनिटं ते नाक पुसत होते.

‘सर, झालं का?’

‘झालं केव्हाच. तू छान नेते आहेस, म्हटलं कशाला मध्ये पडा.’

खाली उतरल्यावर मी क्लबात शिकायला नाव घातलं.

पगारातून जमतील तसे तास मी घ्यायचे. कधी महिन्याला दोन, कधी एकही नाही. लायसनपर्यंत पोचायला मला पाच वर्षं लागली. मुंबई-अहमदाबादची मुलं येऊन शिकून गेली, मोठी विमानं चालवायला लागली, मी तिथेच. सर कधी घाई करायचे नाहीत. चिडवायचे मात्र रोज. मी सुकाणू आवळून धरायचे, तर ते म्हणायचे, ‘विमान धरलंयस की सिटीबसचा दांडा? सोड जरा, ते पळून जात नाही.’ तरी जमेना. एकदा त्यांना कळलं की मी खाखऱ्यांवर वाढलेय. विमानातच विचारलं, ‘खाखऱ्यावर जोर दिला तर काय होतं?’

‘फाटतो.’

‘मग विमानाने तुझं काय घोडं मारलंय?’

त्या दिवसापासून माझा हात हलका झाला. लाटणाऱ्या बायकांना हे लगेच कळेल, इंजिनियरांना समजावून सांगावं लागतं.

वायरलेसवर बोलायची मला भयंकर धास्ती. इंग्रजी वाक्यं पाठ करून, आरशासमोर म्हणून गेले होते. टॉवरने आमचं नाव पुकारलं आणि माझ्या तोंडून निघालं, ‘हा, बोलो ने!’ मग टॉवरमधला गंभीर आवाज म्हणाला, ‘बेन, बोलवानुं तमारे छे.’ बोलायचं मलाच होतं. सर खिडकीकडे तोंड करून बसले होते, त्यांचे खांदे हलत होते. पुढचा महिनाभर ते माझा फोन ‘हा, बोलो ने’ म्हणूनच उचलायचे.

आणि एकटीने पहिल्यांदा उडायचा दिवस. मला काही सांगितलेलं नव्हतं. दोन फेऱ्या झाल्या, विमान कडेला उभं होतं, इंजिन चालू. सर म्हणाले, ‘अगं, माझा चष्मा ऑफिसात राहिला. बस तू.’ उतरले, दार लावलं, काचेवर टकटक केली. ‘तोवर एक फेरी मारून ये. रिकामी कशाला बसतेस?’ चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी फेरी मारून आले तेव्हा तो नाकावरून काढून ते पुसत उभे होते, बराच वेळ पुसत होते.

नानांपासून मी काहीच लपवलं नव्हतं. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. ते ओरडले नाहीत; ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त त्या विषयावर बोलणं बंद केलं. आम्ही तोवर सुभानपुऱ्यात दोन खोल्यांत राहायला आलो होतो. रविवारी मी निघाले की ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचे आणि माझ्या स्कूटरचा आवाज आला की उठायचे. आई सांगायची, ‘डोळे टक्क उघडे असतात त्यांचे.’ एकटीने उडून आले त्या दिवशी पेढा दिला, तर त्यांनी तो ज्योतीच्या हातावर ठेवला. पाच वर्षं असं चाललं. लायसन हातात आलं तेव्हा मला जगातलं एकच माणूस खूश व्हायला हवं होतं, आणि ते भिंतीकडे तोंड करून पडलं होतं.

मी सरांना म्हटलं, पहिली आईला नेते. ती तयारच होती, साडीसुद्धा काढून ठेवली होती.

‘नाही चालायचं,’ सर म्हणाले. ‘माझ्याकडे शिकलेल्याचा पहिला पॅसेंजर मी ठरवतो. ज्याने सगळ्यात जास्त नाही म्हटलं, तो पहिला.’

हा त्यांचा कायदा होता. सरकारचा नव्हे, सरांचा. माझ्या आधी शिकून गेलेल्या डॉ. शहांनी पहिली सीट सासूला दिली होती. एका मुलाने रजा नाकारणाऱ्या मॅनेजरला दिली होती. ‘हो म्हणणाऱ्यांचं काय, ते कुणाच्याही शेजारी बसतात. नाही म्हणणारा बसला, की समजायचं तुला येतं.’

‘सर, नाना स्टुलावर चढून बल्ब बदलत नाहीत.’

‘मग आईची साडी पुन्हा घडी करून ठेव.’

पुढच्या रविवारी सर स्वतः आमच्या घरी हजर. हातात दोरखंडाचं एक वेटोळं. मला म्हणाले, ‘तू आत जा, तुझ्याशी काम नाही.’ मग नानांना: ‘पाटीलभाऊ, मला दोरीचं काम आहे. विमानं बाहेर उभी असतात तेव्हा आम्ही ती जमिनीला बांधतो, वाऱ्याने हलू नयेत म्हणून. आमच्या लोकांना गाठच मारता येत नाही. तुम्ही जरा येऊन बघाल?’

नाना म्हणाले, ‘बांधलेलंच असतं का?’

‘बांधलेलं. जमिनीला.’

‘मग येतो.’

क्लबात गेल्यावर नानांनी विमानाच्या पंखाखालची गाठ पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला. ‘हे कुणी बांधलं? अरे, ही शेळी बांधायची गाठ! एवढ्या किमतीचं विमान आणि शेळीची गाठ? लाज नाही वाटत?’ आणि बसलेच खाली, आखूड पाय लांब करून. ओढली की आवळणारी, उलटी झटकली की सुटणारी गाठ त्यांनी मेकॅनिकला सात वेळा मारायला लावली. सर मान खाली घालून शिकवणी ऐकत होते. मेकॅनिकने मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं, ती शेळीची गाठ सरांनीच सकाळी स्वतःच्या हाताने मारली होती.

नाना तीन रविवार आले. चौथ्या रविवारी सर म्हणाले, ‘पाटीलभाऊ, दोरीतलं तुम्हाला कळतं, तर आतले पट्टेपण बघून टाका ने.’ नाना विमानात बसले. पट्टा बांधला, तीनदा हिसके दिले. ‘चांगला आहे.’

‘उभ्या विमानात काय कळणार?’ सर अगदी निरागस. ‘हलत्या विमानात कसा धरतो ते...’

‘साहेब,’ नाना म्हणाले, ‘मी चौथी शिकलो म्हणून मूर्ख नाही. पहिल्या दिवशीच कळलं मला. इतकी वाईट गाठ चुकून बसत नाही, मुद्दामच मारावी लागते.’

सरांचे मोठे कान लाल झाले.

‘मग आलात कशाला?’

‘माझी मुलगी कुणाच्या हाताखाली आहे ते बघायला.’ नाना पट्ट्याच्या खटक्याशी चाळा करत होते. मी पंखापाशी उभी होते. मला ऐकू येतंय हे त्यांना माहीत होतं. ‘साहेब, माझा पट्टा तुटला नव्हता. कंबरेला होता. अडकवायचा राहिला. वीस वर्षं रोज अडकवला, एक दिवस राहिला. आता सांगा, ही माझ्यावर गेली असेल तर?’

इतक्या वर्षांत हे त्यांनी आईलाही सांगितलेलं नव्हतं. मला वाटलं, सर आता काही धीराचं बोलतील, की मुलगी हुशार आहे, काळजी करू नका. सर म्हणाले, ‘गेली असेल तर? गेलीच आहे. मीपण विसरतो. म्हणून तर आम्ही यादी वाचतो.’ आणि विचारलं, ‘मराठी वाचता ने?’

‘बोट ठेवून.’

‘बोटच पाहिजे मला.’

पुढच्या रविवारी सरांनी कागद आणला. विमान सुरू करण्यापासून उडेपर्यंत जे जे तपासायचं त्याची इंग्रजी यादी त्यांनी मराठीत, ठळक, टपोऱ्या अक्षरात उतरवली होती. म्हणाले, ‘ती तोंडाने बोलणार, हाताने करणार. तुम्ही ओळीवर बोट ठेवायचं. एक ओळ चुकली, दार उघडा आणि सरळ घरी जा. मी स्वतः रिक्षात बसवतो.’

‘तुम्ही नाही येणार?’

‘विमान दोघांचं आहे. मी कुठे बसू, पंखावर?’

आई आणि ज्योती कुंपणापाशी उभ्या. आई काही पुटपुटत होती. नंतर कळलं की मारुतीला नारळ बोलली होती. नाना माझ्या शेजारी बसले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, कागद मांडीवर. मी एकेक बोलत गेले. पेट्रोल. नानांचं बोट पुढे सरकलं. पट्टे. बोट सरकलं. दारं. आम्ही धावपट्टीच्या तोंडाशी आलो, शेवटची तपासणी सुरू झाली, आणि माझं अर्धं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे. घाबरलेत का? घाम आलाय का? सुकाणू मोकळं, म्हटलं मी, काटे ठीक, टॉवरला बोलायला तोंड उघडलं.

‘थांब,’ नाना म्हणाले.

बोट एका ओळीवर रोवलेलं होतं. ‘खुर्ची खटक्यात पक्की. हे तू बोलली नाहीस.’

मी पाठीने जोर दिला. खुर्ची खट्कन एक खाच मागे सरकली. सकाळी पुढे घेतली होती, नीट बसलीच नव्हती. विमान नाक वर करून उठत असताना खुर्ची मागे गेली, तर सुकाणू धरलेला हातही मागे जातो आणि नाक आणखी वर. पुढचं मी नानांना आजवर सांगितलेलं नाही.

खुर्ची मी पुढे घेऊन खटक्यात बसवली. नानांचा उजवा हात दाराच्या कडीवर गेला. एक ओळ चुकली, घरी जा. करार सगळ्यांसमोर झाला होता. पाच वर्षं, चार रविवार, सगळं त्या कडीवर होतं.

नानांनी कडी ओढून पाहिली. दार पक्कं बंद आहे का ते बघत होते. मग हात परत मांडीवर आला, बोट परत कागदावर.

‘मला तेव्हा सांगायला कोणी नव्हतं,’ ते म्हणाले. ‘आता पुन्हा बोल. वरपासून.’

मी वरपासून बोलले. एकही ओळ सुटली नाही. मग आम्ही उडालो.

पहिली दोन मिनिटं नानांनी फक्त समोर पाहिलं. मग हळूच खाली. ‘सुभानपुरा कुठंय?’ मी दाखवला. ‘एवढासाच? आणि भाडं बघ केवढं घेतात!’ दूर कोयलीकडच्या कारखान्याच्या चिमण्या दिसत होत्या. त्या त्यांनी बराच वेळ पाहिल्या. मग कंबरेचा पट्टा एकदा चाचपला. उतरताना मी लाटण्यावरचा हात आठवला. तरी चाक जरा आपटलंच.

सर पळत आले. ‘काय पाटीलभाऊ, कसं वाटलं?’

‘बरं आहे,’ नाना म्हणाले. ‘शेवटी जोर दिला तिने जरा.’

‘मी पाच वर्षं तेच सांगतोय!’ म्हणून सरांनी त्यांच्या पाठीत अशी थाप मारली की नाना दोन पावलं पुढे गेले. आईने काढून ठेवलेली साडी त्याच दिवशी नेसली गेली. तिची फेरी झाली, तेव्हाही खालून नानांचा हुकूम सुटला, ‘खुर्ची बघ!’

गेल्या वर्षी पागनीससर गेले. दुपारी पाटावर बसून प्रॅक्टिस झाली, काकूंना लाटणं परत दिलं, पलंगावर आडवे झाले आणि उठले नाहीत. शोकसभेला सोसायटीचा हॉल भरला. शिष्य थोडे होते, बरेचसे नोकरीमुळे दूर. पण शिष्यांच्या आया आल्या होत्या, सासवा, काका, रजा नाकारणारे मॅनेजर, म्हणजे ज्यांनी ज्यांनी नाही म्हटलं होतं ते सगळे. डॉ. शहांच्या सासूबाई काकूंच्या गळ्यात पडून रडत होत्या: ‘मेल्याने मला दोनदा ओकायला लावलं हो! आणि तिसऱ्यांदा मीच हट्ट करून गेले!’ रडता रडता काकू हसायला लागल्या आणि मग कोणालाच धड रडता आलं नाही. सरांना हे फार आवडलं असतं. नाना मागच्या रांगेत बसले होते. त्यांना बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, म्हणाले, ‘चांगला माणूस होता. गाठ वाईट मारायचा.’ आणि बसले.

क्लबात आता विमानं नानांच्या पद्धतीने बांधतात आणि मराठी वाचता येणाऱ्या नव्या मुलांना सरांच्या अक्षरातला कागद देतात. माझ्यापुरतं सांगायचं तर, मी बी.एस्सी. आहे, एका प्रयोगशाळेत सीनियर केमिस्ट आहे आणि माझ्याकडे खासगी वैमानिकाचं लायसन आहे. आजपर्यंत पहिल्यांदाच विमानात बसलेल्या बावीस जणांना मी बडोदं वरून दाखवलं आहे आणि बावीसच्या बावीस सुखरूप खाली आणले आहेत.